हात वर केल्यावर येते

"हं, कंडक्टरबाई, वाजवा घंटी," मी म्हटलं.

सुरेखा डांगेनं उजवा हात डोक्यावर नेला, मूठ वळली आणि नसलेली दोरी दोनदा ओढली. माझ्या हातातल्या सिरिंजमध्ये काळपट लाल रक्त सरसर मागे आलं.

"डबल बेल!" पलीकडच्या खाटेवरच्या आजी ओरडल्या. "जाऊ द्या गाडी!"

सगळा वॉर्ड हसला. त्या दिवशी तिथं सात बायका होत्या. सातहीजणींच्या डोक्यावर केस नव्हते आणि सातहीजणी हसत होत्या. त्याचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला देऊन टाकलं.

मी मार्था साळवे. तेव्हा नगरच्या एका खाजगी रुग्णालयात किमोच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. साळवे सिस्टरचा हात हलका, सुई टोचलेली कळत नाही, असा माझा लौकिक होता आणि तो पसरवण्यात मीही काही कमी केलं नव्हतं.

सुरेखा शेवगावकडची, एसटीत कंडक्टर, वय सदतीस. डाव्या स्तनातली गाठ काढून झाली होती आणि दर तीन आठवड्यांनी किमो चालू होता. तिच्या हाताच्या शिरा इतक्या बारीक की पहिल्याच खेपेला चार ठिकाणी टोचून मीसुद्धा हात टेकले. म्हणून डॉक्टर रावळ्यांनी तिला पोर्ट बसवला. पोर्ट म्हणजे गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत ठेवलेली मोठ्या बटणाएवढी डबी. तिला जोडलेली बारीक नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या तोंडापर्यंत जाते. वरून सुई टोचायची, आधी रक्त मागे येतंय का ते पाहायचं, आलं की नळी जागेवर आहे असं समजायचं आणि मग औषध सोडायचं. रक्त नाही तर औषध नाही. हे आमच्याकडे नव्या पोरींनाही पहिल्या दिवशी शिकवतात.

सुरेखाच्या तिसऱ्या किमोला रक्त येईना. सलाईनही जड जात होतं. मी तिला कुशीवर वळवलं, खोकायला लावलं, मान फिरवून पाहिली. शेवटी वैतागून म्हटलं, "जरा हात वर करून बघा." हात वर गेला आणि रक्त आलं. सलाईनही बिनतक्रार गेलं.

"अगं बाई, घंटी दिल्याबिगर गाडी हालत नाय होय!" सुरेखाच म्हणाली, आणि तिथून तो आमचा खेळ सुरू झाला. दुसऱ्या पाळीच्या सिस्टरलाही मी तो मोठ्या ऐटीत दाखवला.

पोर्टच्या कागदावर एक रकाना होता, 'रक्त येते' आणि 'येत नाही'. मी 'येते'वर खूण करायची. हात वर केल्यावर येते, असं लिहायला तिथं जागा नव्हती. खरं सांगायचं तर जागा असती तरी मी लिहिलं असतं असं नाही. लिहिलं की डॉक्टर विचारणार, एक्स-रे काढायला सांगणार, त्या दिवशीचा किमो पुढं जाणार, आणि ही बाई दोन तास बसमध्ये हादरे खात आलेली. शिवाय ती युक्ती माझी होती. माझ्या युक्तीवर कुणी शंका घेतलेली मला खपली नसती.

त्या दिवशी, म्हणजे सहाव्या किमोला, औषध सुरू झाल्यावर वॉर्ड पेंगुळला तेव्हा सुरेखानं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"सिस्टर, एक सांगू? कुणाजवळ बोलायचं नाय."

"बोला."

"मी ड्यूटीवर जाते. पंधरा दिवस झाले."

"काय सांगता! किमो चालू असताना?"

"हळू बोला ना! जवळचा रूट हाय. सकाळी एक फेरी, दुपारी एक. डोक्याला स्कार्फ बांधते. आगारात साहेब म्हणले, टेबलावर बसा. मी म्हटलं, नको, मी गाडीवरच बरी."

"तुमच्या मिस्टरांना, भास्कररावांना माहीत आहे?"

"त्यांना कळलं तर संपलंच. ते कोपरगावला कारखान्यात, आठवड्याला घरी येतात. त्यांना माझी नोकरी पहिल्यापासून नको हाय. गाठ निघाल्यापासून तर एकच धोशा, राजीनामा दे आन् घरी बस." तिनं सलाईनच्या नळीकडे पाहिलं. "घरी बसले ना सिस्टर, की तासातासाला ती गाठ आठवते. गाडीत पन्नास माणसं चढली, सुट्ट्यावरनं भांडायला लागली, की नाय आठवत. माझी नोकरी गेली तर मी ह्या दुखण्यानं नाय, घरात बसून मरंल."

मी नाही सांगणार कुणाला, असा शब्द मी तिला दिला. शब्द द्यायला मला त्या काळी काहीच लागत नसे.

तीन आठवड्यांनी ती सातव्या किमोला आली तेव्हा भास्करराव बरोबर होते. उंच, अबोल माणूस, कारखान्यात फिटर. त्यांची सुट्टी होती. मुलीला, नऊ वर्षांच्या ऋतुजाला, शेजारी ठेवून दोघं आली होती. ते बाहेर बाकावर बसले आणि मी सुरेखाला आत घेतलं.

सुई टोचली. रक्त नाही.

"वाजवा घंटी."

तिनं हात वर केला. रक्त आलं नाही. तिनं दोनदा ओढल्यासारखं केलं, आणखी वर ताणला. सिरिंज कोरडीच.

"आज ड्रायव्हर रुसला वाटतं," आजी म्हणाल्या.

मला राग आला, आजींचा नव्हे, त्या नळीचा. सगळ्या वॉर्डसमोर माझी युक्ती फसत होती. मी सलाईनची सिरिंज लावली आणि दट्ट्या दाबला. जाईना. थांबायला हवं होतं. मी अंगठा नीट रोवला आणि जोर दिला. एक क्षण तसाच गेला आणि मग एकदम दट्ट्या सुळकन आत गेला.

"गेलं बघा!" मी म्हटलं.

"आई गं," सुरेखा म्हणाली. तिचा हात खाली आला. गळ्याच्या हाडाखाली कातडी फुगत चालली होती. ती खोकली, पुन्हा खोकली आणि छातीवर तळहात दाबून म्हणाली, "सिस्टर, आत कायतरी फडफडतंय."

पाऊण तासानं डॉक्टर रावळे एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून उभे होते. "नळी तुटलीय," ते म्हणाले. "गळ्याचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये चिमटून तुटलीय. हा बघा, बोटभर तुकडा. हृदयात जाऊन बसलाय. पुण्याला न्यावं लागेल, आत्ता. तिथं मांडीच्या शिरेतून तार घालून काढतील." मग त्यांनी हात पुढं केला. "पोर्टचा कागद बघू."

त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. येते. येते. येते. येते.

"कधीच काही त्रास नव्हता?"

"नाही सर," मी म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. जेवणानंतरच्या तासाला एक बाई सांगत होत्या, हात वर केल्यावरच रक्त येत असेल तर नळी हाडांच्या सांध्यात चेपली जातेय असं समजा, वाट बघू नका, लगेच एक्स-रे काढा, नाहीतर एक दिवस ती तुटते. मी वहीत लिहून घेतलं होतं. ते मला त्या फिल्मसमोर आठवलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते तिसऱ्या किमोलाच आठवलं होतं. मी त्याला मनात थारा दिला नव्हता, एवढंच.

डॉक्टर सुरेखाकडे वळले. "बाई, जड काही उचललंत का? हात वर करून, ओढून काही काम?"

सुरेखानं माझ्याकडे पाहिलं. भास्करराव तिच्या पायाशी उभे होते. "नाय," ती म्हणाली. तिचं ते 'नाय' कुणालाच खरं वाटलं नाही.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी तिच्या उशाशी बसले. भास्करराव बाजूच्या फळीवर, गुडघे पोटाशी घेऊन. दुपारचे दोन वाजले होते. मॉनिटरवर तिच्या हृदयाची रेघ नीट चालता चालता मधेच अडखळायची, एखादा ठोका चुकीच्या जागी पडायचा. तो पडला की सुरेखा डोळे मिटायची. मी तिची नाडी धरून बसले होते आणि प्रार्थना करत होते. प्रभू, तो तुकडा आहे तिथंच राहू दे, शिरूर येऊ दे, वाघोली येऊ दे. खरं बोलायचं बळ दे, एवढं मात्र मी त्या प्रार्थनेत घातलं नाही.

सुपा मागं पडल्यावर ओळीनं चार-पाच ठोके वेडेवाकडे पडले. सुरेखाचा चेहरा घामानं भिजला.

"अहो," ती म्हणाली. "मला तुम्हाला कायतरी सांगायचंय."

"पडून राहा. बोलू नको."

"नाय, सांगू द्या. मेले तर मनात राहील." तिनं ओठ ओले केले. "मी ड्यूटीवर जात होते. सवा महिना झाला."

भास्करराव पुढं झुकले. मग म्हणाले, "कशावर? टेबलावर?"

"गाडीवर. घंटी ओढत होते दिवसभर. त्यानंच तुटली असंल ती नळी. डॉक्टरांनी इचारलं तव्हा मी खोटं बोलले."

"पोरीला शेजारी टाकून तू गाडीवर जात होतीस?" त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यानंच मला भीती वाटली. "मी तिकडं रोज देवाला हात जोडतोय, बायको जगू दे म्हणून. आन् तू हितं दोऱ्या ओढतीयेस? तुला जगायचं नव्हतं तर आधी सांगायचं. एवढं पोटाला चिमटा घेऊन कशापायी करत होतो मी?"

"चुकले."

"नुसतं चुकले नाय. तू स्वतःच्या हातानं स्वतःच्या काळजात काटा घातलास."

इथं मी तोंड उघडलं. अगदी उघडलं, जीभ टाळ्याला लागली. सांगायचं एवढंच होतं, 'भास्करराव, ती ड्यूटीवर जायच्या आधी दीड महिना ही नळी दबत होती. मला माहीत होतं. यात तिचा दोष नाही.' तीन वाक्यं. पण हा माणूस आत्ता भडकलाय, चालत्या गाडीत पेशंटसमोर तमाशा नको, आधी तिचं हृदय सांभाळू, पुण्यात गेल्यावर बोलू, असं मी स्वतःला समजावलं. नर्सला असली कारणं फार चटकन सापडतात. पेशंटच्या तब्येतीचं नाव घेतलं की कुणी पुढं काही विचारत नाही, आपलं आपणही विचारत नाही. मी ऑक्सिजनचा मास्क नीट केला.

शिरूरच्या अलीकडे पुन्हा ठोके चुकले. सुरेखा रडायला लागली.

"मला वाचवा," ती भास्कररावांना म्हणाली, जणू ते त्यांच्याच हातात होतं. "मी राजीनामा देते. वाचले तर पुन्हा गाडीत पाय ठेवणार नाय."

"आधी पण असंच म्हणली होतीस."

"आता नाय. ऋतुजाच्या गळ्याची शपथ. माझ्या लेकीच्या गळ्याची शपथ, मी नोकरी सोडली. परत कधी करणार नाय."

भास्कररावांनी तिचा हात धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं त्या माणसानं तिथं रडून घेतलं आणि ती उलट त्यांनाच "गप, गप" म्हणत राहिली. मी मॉनिटरकडे बघत होते. त्या दोघांपैकी कुणीही माझ्याकडे पाहू नये, एवढीच त्या वेळी माझी इच्छा होती.

पुण्याच्या रुग्णालयात तिला थेट आत नेलं. तासभर आम्ही दोघं बाहेर उभे होतो. भास्कररावांनी मला चहा आणून दिला. "सिस्टर, तुमचे लई उपकार," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर नसता तर रस्त्यातच गेली असती." मी कप तसाच बाकावर ठेवला.

मग डॉक्टर सोहोनी बाहेर आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. त्यांच्या हातात झाकणाची छोटी बाटली होती, आत पांढुरका बोटभर तुकडा. "निघाला," त्या म्हणाल्या. "बाई सुखरूप आहेत." भास्करराव भिंतीला टेकले. डॉक्टरांनी बाटली माझ्यासमोर धरली. "ही कड बघा सिस्टर. एका झटक्यात तुटलेली नाही, हळूहळू चेपत, झिजत गेलीय. कितीतरी दिवस चाललं असणार. रक्त हात वर केल्यावरच यायचं का?"

त्यांनी विचारलं ते अगदी सहज, कामातला प्रश्न म्हणून. त्यांना माझ्यावर ठपका ठेवायचा नव्हता. नाही म्हणाले असते तर त्या मान हलवून आत गेल्या असत्या.

"हो," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"तिसऱ्या किमोपासून. चार वेळा आलं तसं. आज आलं नाही, तेव्हा मी जोर दिला."

"कळवलं होतंत?"

"नाही. कागदावर 'येते' लिहिलं. आज रावळे सरांनी विचारलं, तेव्हाही त्रास नव्हता म्हणून सांगितलं."

डॉक्टर सोहोनींनी बाटली माझ्या हातात दिली. "हे सगळं लिहून द्या. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा." आणि त्या गेल्या.

भास्करराव भिंतीपासून दूर झाले. "तिसरा किमो मे महिन्यात होता," ते सावकाश म्हणाले. "आन् ती ड्यूटीवर गेली जुलैत."

"हो."

"म्हणजे तिच्यानं नाय तुटली."

"नाही. तिच्यामुळं नाही. माझ्यामुळं."

ते मला मारतील असं वाटलं आणि मारावं असंही वाटलं. पण ते दोन पावलं चालून बाकावर जाऊन बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून म्हणाले, "मी तिला काय काय बोललो गाडीत." जरा वेळानं त्यांनी वर पाहिलं. "तुम्हीच सांगा तिला जाऊन. मी नाय येत."

पुढं माझी चौकशी झाली, मेमो मिळाला, वर्षभर मला पोर्टला हात लावू दिला नाही. ते सगळं योग्यच होतं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, मी त्याची वाटच बघत होते. सुरेखाचा राहिलेला किमो हातातल्या शिरेतून कसाबसा पार पडला. आज सोळा वर्षं झाली, ती ठणठणीत आहे. ऋतुजाच्या लग्नाला मला आवर्जून बोलावलं होतं. मी गेले नाही, साडी पाठवली. पण मला जे विसरता येत नाही ते त्या संध्याकाळचं आहे.

ती आडवी होती, मांडीवर दाबपट्टी, पाय हलवायचा नाही म्हणून सांगितलेलं. मला बघून हसली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. हात वर करण्याचा अर्थ काय होता, मला तो कधी कळला होता, मी काय लिहिलं, काय लपवलं, सगळं.

ती ऐकत होती. "म्हणजे माझ्या ड्यूटीनं नाय मोडली?" एवढंच तिनं विचारलं.

"नाही. तुम्ही घरी बसला असता तरी तुटली असती. डॉक्टर म्हणाल्या, ती आधीपासूनच झिजत होती."

तिचा चेहरा एकदम सुटला. इतकी मोकळी मी तिला वॉर्डातल्या हसण्यातही पाहिली नव्हती. "ह्यांना सांगितलं?"

"त्यांच्यासमोरच कबूल केलं मी. तुम्ही राजीनामा देऊ नका, सुरेखाबाई. बरं झाल्यावर खुशाल जा गाडीवर. आता तेही अडवणार नाहीत."

तो मोकळेपणा तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरला. ती छताकडे बघायला लागली.

"आता कसं जमंल," ती म्हणाली. "शपथ घेतली ना मी. ऋतुजाच्या गळ्याची."

"अहो, ती चुकीच्या समजुतीनं घेतलेली शपथ. तिला काय धरायचं? आमच्यात तर शपथ घ्यायचीच नाही म्हणतात."

"तुमच्यात नसंल." तिच्या आवाजात राग नव्हता. "मी म्हटलं, वाचले तर सोडते. वाचले. आता कुठल्या तोंडानं जाऊ परत? उद्या पोरीला साधा ताप आला तरी मला काय वाटंल, सांगा. मोडून बघायची हिंमत होईल का माझी?"

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. मग तिनं मान माझ्याकडे वळवली.

"सिस्टर, मी शपथ घेतली तव्हा तुम्ही उशाशीच होता ना?"

"होते."

"मला वाटलं, तुम्हाला डोळा लागला असंल."

ती माझ्याकडे बघत थांबली. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही," मी म्हणाले. "जागी होते."